बुडालेल्याचा पाचवा दिवस

कारिस्टोस.
कृत्तिका मावळायला चाळीस दिवस आहेत.

थेरोनदादाला फानियासचा नमस्कार. जिथं आहेस तिथं कोरडा आणि धड असावास.

इकडे सगळं ठीक. आईची कंबर धरते, जीभ मात्र अजून सैल आहे. अंजिरं यंदा भरपूर उतरली, अर्धी पाखरांनी नेली. स्पंजाच्या होड्या आता चार झाल्या. तू गेलास तेव्हा एकच होती आणि तीही गळकी. मेलितावहिनी बरी आहे. मध्यंतरी अशक्त झाली होती, आता हिंडतेफिरते.

तुझं पत्र गेराइस्टोसचा तो एकडोळ्या कोळी घेऊन आला. हातात नाही, वल्ह्याच्या टोकाला बांधून. मी म्हटलं, "अरे, पत्र आहे का विंचू?" तर म्हणतो, "मालक, लिहिणारा मेलेला आहे. तुम्ही त्याचे भाऊ, तुम्हाला चालत असेल. मला पोरंबाळं आहेत." मग मी ते गंधकाच्या धुरावर धरलं आणि वाचलं. अक्षर तुझंच. कलत्या होडीसारख्या ओळी अजून उजवीकडे उतरतात.

दोन वर्षांनी ते अक्षर पाहिलं, दादा. मी जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिलो. आनंदानंच, असं धर.

तू विचारतोस, "मी असं काय केलं? पोसायडनच्या देवळात पायरीवरूनच हाकललं. पाणी प्यालो ते भांडं बाईनं माझ्यासमोर फोडलं. लहानपणापासूनचे ओळखीचे लोक मला पाहून, विटाळ टळावा म्हणून, स्वतःच्या छातीवर थुंकतात. मी कुणाचा खून केलाय का?"

नाही दादा. खून केला असतास तर सोपं होतं. समुद्राच्या पाण्यानं हात धुवायचे, डुकराचं पिल्लू कापायचं, झालं. तुझं तसं नाही. तू मेलास.

तुझं जहाज काफेरेउसच्या टोकावर फुटलं. त्या टोकाबद्दल मी तुला काय सांगू. ट्रॉयहून परतणाऱ्या जहाजांना म्हाताऱ्या नाउप्लिओसनं तिथंच खोटा जाळ दाखवला आणि सगळी खडकावर घेतली. पोराच्या खुनाचा सूड म्हणून. आपल्याकडची पोरं चालायच्या आधी शिकतात की जाळ दिसला तर तो कुणी पेटवला ते आधी विचारावं. तुझ्या वेळी जाळ नव्हता, नुसता उत्तरेचा वारा होता. तीन फळ्या आल्या, एक डोलकाठी आली, तुझी चामड्याची टोपी आली. माणूस एकही आला नाही. ज्याचं प्रेत समुद्र देत नाही त्याचं काय करतात ते तू स्वतः चार जणांसाठी केलेलं आहेस. रिकामं थडगं बांधलं. किनाऱ्यावर जाऊन मी तुला तीनदा हाक मारली, "चल थेरोन, घरी चल." थडग्यावर मध आणि तेल ओतलं. आईनं केस कापले. मग घर धुतलं.

एकदा हे झालं की माणूस खालच्यांचा. वरच्या देवांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि खालच्यांचं माणूस उचलून आणलं तर ते कुणाच्या तरी दारात वसुली करायला येतात. म्हणून भांडी फुटतात. लोकांवर राग धरू नकोस. त्यांनाही होड्या पाण्यात घालायच्या असतात.

लाटांनी तुला सायप्रसकडे जाणाऱ्या जहाजापाशी नेलं, तापात तू वर्षभर पडून होतास, हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बुडत्यांना तारणाऱ्या शुभ्र देवीनं आपला पदर टाकला असेल त्याला." मग चूल फुंकायला लागली.

हाका मारायची इतकी घाई का केली, असं विचारतोस. ते भेटीत बोलू.

तूर्त गेराइस्टोसच्या त्या होडीच्या छपरातून हलू नकोस. कुणाला शिवू नकोस. इकडे तर मुळीच येऊ नकोस. दगड मारायला लोकांना कारण लागत नाही, तुझ्याकडे तर आहे. कोळ्याबरोबर घोंगडी, चीज, जवाची भाकरी आणि एक घडा वाइन धाडतो. तो खडकावर ठेवून लांब जाईल, मग तू घे. मी पुजाऱ्याला भेटतो. काहीतरी वाट निघेल. माझी आजवर कुठली वाट अडली आहे?

तुझा भाऊ,
फानियास


कारिस्टोस.
कृत्तिका मावळायला बावीस दिवस.

थेरोनदादा, नमस्कार. वाट निघाली. हसू नकोस आणि संतापूही नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

म्हातारा पुजारी तेलेस तुला आठवतो ना, पोसायडनला कापलेल्या बैलातली जीभ नेहमी स्वतःसाठी ठेवणारा? त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी माझ्याकडून जीभ, मग मांडी, मग एक अख्खा मेंढा खाल्ला आणि म्हणाला, "असं पूर्वी झालेलं आहे. डेल्फीच्या देवानं सांगून ठेवलंय. जो मेला त्याला परत आणता येत नाही."

"मग?"

"नवा जन्माला घालता येतो."

मी म्हटलं, "महाराज, आई सत्तरीची आहे."

"आईचं काम नाही," तो म्हणाला. "पोर जन्मल्यावर बायका जे करतात ते सगळं करायचं. धुवायचं, कापडात गुंडाळायचं, छातीशी धरून दूध पाजायचं. पाच दिवस पोरासारखं पडून राहायचं. पाचव्या दिवशी घरच्या कर्त्यानं उचलून चुलीभोवती फिरवलं की तो घरचा, गावचा, देवळाचा. दहाव्या दिवशी नाव ठेवा. तेच ठेवा हवं तर."

"शेहेचाळीस वर्षांचा खलाशी आहे तो. दाढी आहे."

"दाढी ही त्याची अडचण," म्हणाला. "नियमाची नाही."

तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी शिव्या आणि दोन ओळी मजकूर. लिहितोस की सायप्रसच्या तापात मेलो असतो तर बरं. गावातल्या बायकांपुढे लंगोटातलं पोर होऊन पडण्यापेक्षा गेराइस्टोसच्या छपरात सुकट होऊन मरेन. दादा, तुझा मान मला ठाऊक आहे. तू सुकाणूवर उभा असलास की वारासुद्धा विचारून वाहायचा. पण हिवाळा त्या छपरात काढणार? कृत्तिका मावळून समुद्र होड्यांना मिटला की तो कोळीही येणार नाही. भाकरी कोण ठेवील खडकावर?

तेव्हा ऐक. लोक कमी बोलावतो. धुणारी आपली म्हातारी दाई, जिनं तुला पहिल्यांदाही धुतलं होतं. ती म्हणते, "तेव्हा सोपं होतं, दोन तांब्यांत भागलं." दुधाची चिंता नको. घरात दूध आहे. कुणाचं ते आल्यावर कळेल.

नियम सांगतो, ते चुकवू नकोस. हात कापडाच्या आत बांधतात, तान्ह्याचे बांधतात तसेच. पाच दिवस शब्द बोलायचा नाही. काहीही झालं, काहीही दिसलं, तरी नाही. तान्हं पोर रडतं, तेवढं चालेल. एक शब्द बोललास तर सगळं फुकट, आणि दुसऱ्यांदा हे करता येत नाही, तेलेसनं दोनदा बजावलंय.

बाबा नाहीत, म्हणजे पाचव्या दिवशी उचलायचं मी. तुझं वजन मला ठाऊक आहे, माझ्या पाठीचं तुला. तेलेस म्हणतो, डोकं आणि खांदे जमिनीवरून सुटले की पुरे, बाकीचा चटईवरून ओढला तरी देव बघत नाहीत.

पत्राच्या शेवटी तुला विनोद सुचला, म्हणजे जीव ताळ्यावर आहे. लिहितोस, "तुला बाबांकडून मीच उचलून घ्यायला लावलं होतं, आता तू मला उचल. फिटंफाट." वाचून हसलो. होड्यांवरच्या माणसांनाही वाचून दाखवलं, तीही हसली. जुनी गोष्ट, सगळ्यांना पाठ आहे.

मेलिताला तू निरोप लिहिलास तो पोचवला. तिनं उत्तर दिलं नाही. बायकांना लिहायचं काय सुचतं?

परवा संध्याकाळी कोळ्याची होडी येईल. तळाशी झोप, वर शीड पांघर. किनाऱ्याला लागल्यावर स्वतः उतरू नकोस, माणसं उचलून आणतील. तेव्हापासून तू जन्मलास असं समज.

ये दादा. चूल पेटलेली आहे.

तुझा,
फानियास


कारिस्टोस.
कृत्तिका मावळायला चौदा दिवस.

हात सवयीनं "दादा" लिहायला गेला. थांबवला. तुला नाव नाही, नातं नाही, आणि नमस्कार कुणाला करायचा ते मला कळत नाही. तरी लिहितो, कारण घाईचं उत्तर भेटीत देईन असं म्हटलं होतं आणि भेट झाली तेव्हा तुला बोलायची मुभा नव्हती. मला होती. मी बोललो नाही.

हे पत्र जहाजावरच तुझ्या हातात पडेल. हात आता मोकळे केले असतील.

आधी मेलिताबद्दल. थडगं बांधून झाल्यावर सातव्या महिन्यात मी तिच्याशी लग्न केलं. मूल या उन्हाळ्यात झालं, मुलगा आहे. ते दूध त्याच्या वाटचं होतं. तिला मी विचारलं होतं, "दुसरी बाई आणू का?" ती म्हणाली, "नको. माझ्याच हातून होऊ दे." तू पाहिलंस तिला येताना. तुझे डोळे आधी तिच्याकडे गेले, मग पाळण्याकडे, मग माझ्याकडे. तुझं तोंड उघडलं. दाई पुटपुटली, "बोलला तर मेला." तू मिटलंस. मेलितानं तुझं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तुझे डोळे झाकले, आणि तू गिळलंस. तुला किती जगायचं आहे ते मला तेव्हा कळलं. खरं सांगतो, त्या क्षणी तुला उचलावं असं वाटलं होतं.

आता घाई. फळ्या आणि टोपी आली तेव्हा मी खरंच रडलो. नऊ दिवस जेवलो नाही. आईनं हाकांचं विचारलं, तर मी म्हटलं, "थांबू. समुद्र कधी कधी परत देतो." दोन महिने थांबलो. मग एका सकाळी माझ्या धक्क्यावर एक ऱ्होड्सचा खलाशी उतरला. "इथं फानियास कोण?" मी म्हटलं, मीच. "सायप्रसमध्ये एक माणूस तापानं पडलाय, थेरोन म्हणून. म्हणतो, घरी सांगा जिवंत आहे, हाका मारू नका, थडगं बांधू नका. बरा झालो की येतो." मी त्याला जेवू घातलं, पाठीवर थोपटलं. "अजून कुणाला सांगितलंस?" "नाही, तुम्हालाच." वाऱ्याला जहाज सुटलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर जाऊन तुला तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला वाळूत बसून रडलो. ते सोंग नव्हतं. माझा भाऊ गेल्याचं दुःख मला होतं, आणि तो आहे हे ठाऊकही होतं. दोन्ही एका माणसात मावतं. तू कधी करून पाहिलं नाहीस, तुला गरज पडली नाही.

का, ते तुला कळायला हवं. ती गोष्ट. "बाबांनी याला पाचव्या दिवशी उचललंच नव्हतं. दुष्काळाचं वर्ष, दुसरं तोंड कशाला? टोपलीत घालून समुद्रावर टाकायला निघाले. मी सहा वर्षांचा, असा रडलो, असा रडलो की परत आणावं लागलं. हा माझ्या रडण्यावर जगतोय." होडीवर सांगितलीस. बाजारात सांगितलीस. पहिल्यांदा मी स्पंजासाठी बुडी मारून वर आलो, कानातून रक्त येत होतं, तेव्हा दोर ओढता ओढता सांगितलीस. तुझ्या लग्नाच्या मेजवानीत मेलिताला सांगितलीस, आणि ती माझ्याकडे बघून हसली. जन्मभर मी पण हसत आलो. हसऱ्या माणसाचा माल खपतो. पण स्वतःची होडी झाली, धक्का झाला, लोक मालक म्हणायला लागले, तरी प्रत्येक तोंडात मला ती टोपलीच दिसायची. तू मेल्यावर गोष्ट थांबली. दोन महिने कुणी ती सांगितली नाही. मला ते आवडलं.

तू आलास आणि फिटंफाट लिहिलंस तेव्हा मी आईकडे गेलो. म्हटलं, "आई, तो खरंच रडला होता का गं?"

ती डाळ निवडत होती. "कोण, थेरोन? छे. तो अंजीर खात बसला होता."

"मग बाबांनी मला परत का आणलं?"

"समुद्र चढला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "लाटा थेट कुंपणापर्यंत. टोपली ठेवायला कोरडी जागाच नव्हती. बाप तुझा भिजून आला, म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी माझं दूध आलं होतं." डाळीतला खडा तिनं बाजूला टाकला. "तुला कुणी सांगितलं तो रडला म्हणून?"

तर असं आहे. मी तुझं काही देणं लागत नव्हतो. वाऱ्याचं लागत होतो.

पाचवा दिवस तू पाहिलास, पण खालून पाहिलास. वरून कसा होता ते सांगतो. चुलीत ऑलिव्हची लाकडं होती. आई, दाई, मेलिता, तेलेस, आणि साक्षीला सहा शेजारी. तुला पांढऱ्या कापडात गळ्यापर्यंत गुंडाळून चटईवर ठेवलेलं. दाढीत दुधाचा थेंब सुकलेला. शेजाऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "केवढं हे बाळ." कुणी हसलं नाही. मी पुढे आलो. तू डोकं स्वतःच थोडं वर उचललंस, मला सोपं जावं म्हणून. मी तुझ्याकडे पाहिलं आणि चुलीभोवती एकट्यानं चालून आलो. रिकाम्या हातांनी, पूर्ण फेरी. तेलेसला आधी वाटलं मी विसरलो.

आई म्हणाली, "उचल रे." एकदाच म्हणाली.

मी तेलेसला विचारलं, "महाराज, कर्त्यानं पोर उचललं नाही तर?"

त्यानं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "तर ते घरचं नाही. सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर ठेवायचं." आणि वर, "पोर किती वर्षांचं असावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही."

तू तरीही बोलला नाहीस. तुला वाटत होतं मी थट्टा करतोय. वेशीपर्यंत तुला तेच वाटत होतं. मी बरोबर चालत होतो, तुझा चेहरा पाहत होतो. पुळणीवर चटई ठेवली तेव्हा तू पहिला शब्द बोललास. "फानियास." पण माणसं तोवर पाठ फिरवून निघाली होती, आणि टाकलेल्या पोराकडे वळून बघत नाहीत.

टाकलेलं पोर जो उचलील त्याचं होतं, त्याला वाटलं तर मुलगा, वाटलं तर गुलाम. हेही तुला ठाऊक आहे. तुला उचलून जहाजावर नेणाऱ्या लेम्नोसच्या मिठागरवाल्याला मी बोलावलं नव्हतं. कोणत्या दिवशी पुळणीवर काय असेल, एवढंच त्याच्या कानावर घातलं होतं. माणूस वाईट नाही. मारतो, पण जेवू घालतो. तू म्हणशील, मी थेरोन आहे, कारिस्टोसचा. थेरोनचं थडगं इथं आहे, कुणालाही दाखवता येतं.

आई थडगं बांधल्यापासून रोज भाकरीचा पहिला तुकडा तुझ्या नावानं बाजूला ठेवायची. मी समोर बसलेला असायचो, तरी पहिला तुझा. काल तिनं ठेवला नाही. कुणाच्या नावानं ठेवणार? भाकरी मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मेलिता पोराला घेऊन आतच असते.

मी पुळणीवरून लगेच गेलो नाही, हेही सांगतो. खडकामागे उभा होतो. आई म्हणाली तसा दिवस येतो का, बघत होतो. वारा सुटला असता, एक लाट जरी चटईपर्यंत आली असती, तर मी धावत येऊन तुला उचललं असतं. पोसायडनची शपथ, असं ठरवूनच उभा होतो. समुद्र तेलासारखा पडून होता. कोरडी जागा हवी तेवढी होती.

नवा मालक तुला काहीतरी नाव ठेवील. ठेवलं की एखाद्या खलाशाकडे निरोप दे. मी कुणालाही सांगणार नाही.

आईचा एकुलता एक मुलगा,
फानियास